काचेचा गिलास

आमच्या धरणाला नाव नाही.
तलाठ्याच्या नकाशात तिथे नुसता नाला,
आणि नाल्यावर एक डाग,
तो बहुतेक चहाचा.

हिलालअण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी,
दोन उन्हाळे बैल आणि तिसऱ्याला भाड्याचं ट्रॅक्टर लावून
पोटात काळी माती, अंगावर मुरूम,
अशी पाळ घातली.
पाळीवर झाड येऊ देत नसत.
निंबाचं रोप दिसलं की तिथेच बसून उपटायचे:
मूळ कुजतं, पाण्याला वाट सापडते.
गवत चालेल. खेकडा चालणार नाही.

अंधार पडला की मला पायथ्याशी धाडायचे
काचेचा गिलास देऊन.
मातीचं धरण झरतंच, म्हणायचे,
न झरणारं फक्त कागदावर असतं.
गिलास बॅटरीपुढे धर.
नितळ असलं तर येऊन झोप.
गढूळ असलं तर मला उठव.

खालचं शेत उखडू भदाण्यांचं.
त्यांची विहीर आमच्याच झिरपेवर भरायची,
तरी नाला अडवला म्हणून
अकरा वर्षं अबोला.
पंगतीतही पाठीला पाठ.

पोळ्यानंतरच्या चौथ्या रात्री
मी गेलेच नाही.
कंटाळा आला होता. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वाजता कडी वाजली.
बाहेर उखडूबाबा, धोतर मांडीपर्यंत चिखलात,
हातात त्यांच्या घरचा तांब्या.
"पानी गढूय ई ऱ्हायनं."
एवढंच. तेही माझ्याकडे बघून.

मग कंदील, पाट्या, खताच्या गोण्या,
आणि अण्णांचा ओरडा:
बुजवू नका रे! आधी वाळू, वर खडी,
पाणी जाऊ द्या, माती धरा!
दुसरीकडे सांडवा दोन हात खोल खणला.
वर्षाचं पाणी
भदाण्यांच्या कपाशीतून नदीला गेलं.

उजाडता उजाडता झिरप दुधट झाली,
मग नितळ.

दुपारी उखडूबाबांनी पोराहाती निरोप धाडला:
चार सऱ्या वाहून गेल्या, भरून द्या.
अण्णांनी तीन सऱ्यांचे दिले.
चौथी आधीच रोगट होती म्हणे.

सांडवा पुन्हा उचलला नाही.
पाणी दोन हात कमीच असतं.
गिलास आता पायथ्याच्या दगडावर पालथा ठेवते.
कधी कधी मी पोचते
तेव्हा तो आधीच ओला असतो.