जाळीच्या अलीकडे

पहाटे चारला शेडमध्ये शिरते
तेव्हा मी कोंबड्या नाही बघत, भुसा बघते.
त्यावर काय पडलंय ते.
घट्ट, राखी, वर पांढरी टोपी असेल तर चहा ठेवते.
संत्र्याच्या सालीच्या रंगाचं, पातळ असेल
तर चहा राहतो.

माहेरी मी तांदूळ निवडायची, खडा नजरेनं उचलायची.
इथे हे निवडते.
साडेतीन हजार पोटं.

कंपनीचा लीलाधर डिकीतून पांढरी पुडी काढायचा.
"पाण्यात टाकजा वहिनी, आजार असो नसो.
पोट साफ राह्यते, वजन धरते."
टाकायची मी.
मीठ टाकावं तशी, चव न घेता.

मग तन्वीला लघवीला जळजळ, ताप, पुन्हा ताप.
ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं तपासणीचा कागद दिला.
औषधांची नावं एकाखाली एक, पुढे एकेक अक्षर.
बहुतेकांपुढे आर.
आर म्हणजे लागू पडत नाही.
तिसऱ्या ओळीतलं नाव मला पाठ होतं,
स्पेलिंगसकट.
पुडीवर त्याच्याखाली कोंबडीचं चित्र असायचं.

पुडीमुळेच झालं, असं डॉक्टर म्हणाला नाही.
नाही झालं, असंही म्हणाला नाही.
मी कागदाची घडी घातली.

पुढच्या बॅचला शेडच्या मधोमध जाळी बांधली.
पलीकडे पुडी.
अलीकडे माझं पातेलं: ओवा, लसूण, हळकुंडं,
बांधावरच्या शेवग्याचा पाला.
शंभर लिटरला किती, कुठे लिहिलेलं नव्हतं.
पहिला काढा इतका कडक झाला
की पिल्लांनी चोच बुडवून माना झटकल्या.
दिगांबर म्हणाला,
"कोंबड्याईले बाळंतिणीचा काढा पाजून राह्यली का वं?"
आणि मूलच्या बाजारातून ओवा त्यानंच आणला. दोन किलो.

अकराव्या दिवशी अलीकडे सात मेल्या.
रात्री पुडी घेऊन जाळीशी उभी राहिले.
फाडली नाही असं नाही.
फाडली. मग तोंड मुडपून कमरेला खोचली.

सकाळी लीलाधरनं पोत्यावर एक चिरली,
आतडं बोटावर ताणून दाखवलं.
फुग्यासारखं पातळ, लाल ठिपके.
"पाहा."
पाहिलं. म्हटलं, आता पलीकडची एक चिर.
तिथेही ठिपके होते.
थोडे कमी.
खोटं कशाला बोलू, थोडे कमीच होते.

चौथ्या आठवड्यात मात्र
अलीकडचा भुसा मुठीत धरला की सुटून पडायचा,
पलीकडचा लाडू व्हायचा.
अलीकडे डोळे झोंबत नव्हते.
मी तिथे बसून भाकर खाल्ली एकदा,
कोणी बघत नाही ना, हे बघून.

अडतिसाव्या दिवशी गाडी आली.
काट्यावर अलीकडची कोंबडी साठ ग्रॅमनं हलकी.
लीलाधरच्या वहीत वजनाला रकाना आहे,
मरीला आहे, दाण्याला आहे.
सुटा भुसा कुठे लिहायचा?
"साठ ग्रॅम, वहिनी," तो म्हणाला,
दोनदा म्हणाला.
पोरं पाय धरून, उलट्या, पाच-पाच उचलत होती.
बऱ्या पोटाच्या होत्या त्या.
त्यांना त्याचं काय.

आता शेड रिकामी. चुना मारून झाला.
पातेलं राखेनं घासलं,
हळदीचा डाग गेला नाही.
तन्वी सुतळी घेऊन उभी:
आई, जाळी तिथंच बांधू?

मी खांब मोजते.
एक खांब सरकव, म्हणते.
पलीकडे.