कॅबिनेटचं माप

फेब्रुवारीपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर
पुठ्ठ्याचं एक खोकं आहे.
उर्मासनं ते रद्दीतून कापलं, चिकटपट्टीनं जोडलं,
बाहेरून पेन्सिलीनं लिहिली उंची, रुंदी, खोली,
आणि आत, जिथं काहीच नाही तिथं:
रेडिएटर. पंप. टाकी.
आम्ही त्याच्याभोवती जेवतो.
मीठ हवं असेल तर खोक्यावरून हात न्यावा लागतो.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
हा आधी पुठ्ठ्यात राहून बघतोय.

दिवसा तो इस्पितळाच्या बॉयलरखोलीत असतो,
सहाशे खाटांकडे जाणारे पाइप
तळहातानं चाचपत.
अठरा वर्षं त्यानं दुसऱ्यांसाठी पाणी तापवलं.
आता त्याला जेमतेम लिटरभर पाणी
गार ठेवायचंय, स्वतःपुरतं.
मी विचारलं नाही का म्हणून.

तार्तूच्या दुकानात काउर नावाच्या पोरानं
काचेचं कॅबिनेट दाखवलं.
रिमोट दाबला की पंखे जांभळे, मग हिरवे,
मग पुन्हा जांभळे.
उर्मास गुडघ्यांवर बसला, त्याचा तळ बघू लागला,
बाजारात गाईचे दात बघावेत तसा.
"पाणी काढायची तोटी कुठं बसेल?
सगळ्यात खाली काय आहे?"
पोरगा म्हणाला, रबरी पाय आहेत.
आणि रंग लाल केला.

दुसरं टेबलाखाली मावेना.
तिसऱ्याचं छत चांगलं, जाळीचं,
पण रेडिएटर पंचेचाळीस, पंखे पंचवीस,
आणि मदरबोर्डच्या वर मोकळी जागा अडुसष्ट.
"दोन मिलिमीटर," तो रात्री अंधारात म्हणाला,
डॉक्टरनं बाहेर बोलावून काही सांगितल्यासारखा.

मी नाटकघरात कपडे शिवते.
खर्जात गाणाऱ्या माणसाचं माप
श्वास भरायला लावून घ्यावं लागतं,
नाहीतर तिसऱ्या अंकात बटणं उडतात.
हे मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही.
मग मी उठले, दिवा लावला, म्हटलं,
"पाइपचा आटा आवळताना
तुझा हात कुठून जाणार? घाल बघू."
त्यानं हात घातला.
मनगटापाशी अडला,
ओढला तसं खोकं टराटरा फाटलं.

सगळ्याचं माप घेतलं होतं,
स्वतःच्या हाताचं राहिलं.

मार्च संपताना वाल्गाहून एक जुनं आणलं,
राखाडी, पत्र्याचं, बैलगाडीसारखं रुंद.
विकणाऱ्या म्हाताऱ्यानं ते तळघरात ठेवलेलं,
आतून अजून सफरचंदांचा वास येत होता.
काच नाही. एकही झरोका नाही.
पिरेत रुसलीच: "मग पाणी दिसणार कसं?"
"इस्पितळातही दिसत नाही," उर्मास म्हणाला,
आणि खाली भोक पाडायला
ड्रिल मशीन शोधू लागला.

पाणी भरलं त्या रात्री फक्त पंप चालू,
बाकी सगळं बंद.
प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल.
कुठं पाणी मुरतंय का, हे बघायला
तो खुर्ची घेऊन बसला.
पाइपांतून बुडबुडे गुरगुरत होते,
खिडकीबाहेर नदीवरचा बर्फ
मधेच कुठंतरी तडकत होता.

तीनला मी उठले तर हा झोपलेला,
एक हात आत, कोपरापर्यंत, ऐसपैस.
एक रुमाल ओला.
माझ्या पोटात गोळाच आला.
वाकून वास घेतला:
काळ्या मनुकांसारखा, गोड.
पिरेतचं सरबत.
रुमाल बदलला, तिला झोपायला पिटाळलं,
त्याला उठवलं नाही.

खोकं रद्दीत गेलं त्याला आता आठवडा झाला.
टेबल मोकळं आहे.
मीठ घ्यायला मी अजून
हात उंच करूनच नेते.