अडीच तोळे

निझव्याच्या चांदीबाजारात, किल्ल्याच्या सावलीत
डोंगरावरून आलेल्या जुवैनाबाईंनी
काउंटरवर हार ठेवला. तेरा नाणी.
बारांवर एकच राणी :
भरलेली हनुवटी, डोक्यावरून मागे सोडलेला पदर,
आणि साल सतराशे ऐंशी.
पाडलेलं कधीही असो, साल तेच.
राणी म्हातारी होत नाही,
हुपरीतल्या भिंतीवरचा माझा फोटो होत नाही, तशी.

तेरावं वेगळं.
त्यावर एक उघडा रानगडी,
कमरेला पाला, दाढी छातीवर,
मुठीत मुळांसकट उपटलेलं झाड.
कुठं लावायचं ते अजून ठरलेलं नाही
असं त्याचं उभं राहणं.

कडेची अक्षरं झिजून मुंग्यांची रांग झालेली.
फोनवर शोधलं : जर्मनीतला कुठलासा डोंगर, चांदीच्या खाणी,
कुणा सरदाराची टांकसाळ, सोळाशे काहीतरी.
सरदाराचं नाव आहे. खाणीत उतरणाऱ्यांचं नाही.
तिथून इथवर ते कॉफीपायी आलं की खजुरापायी,
नाणं सांगत नाही.
नाणं फक्त वाजतं.

‘हा जिन्न,’ जुवैनाबाई म्हणाल्या,
‘आजीने बाळंतपणात दाताखाली धरलेला.
तीन पोरं जगली.’
रानगड्याच्या पोटरीवर
दोन बारीक खड्डे आहेत खरे.

हिलालने मोबाइलमधून मान वर केली नाही.
‘सगळं वजनावर घे. मुशीत जाऊ दे.’

काटा : अडीच तोळ्याला गुंजभर कमी.
कसोटीवर घासलं. आम्लाचा थेंब टाकला.
पाहिलं.
म्हणालो, ‘शिसं आहे, शेठ. मूस नासेल.’

बावीस वर्षं या गाळ्यात.
हिलालने एकदा माझ्याकडे पाहिलं,
एकदा जुवैनाबाईंच्या हाताकडे,
कसोटीकडे पाहिलंच नाही.
‘मग बाराच तोल.’

मला वाटलं, बाई दुवा देतील.
‘शिसं?’ त्या कडाडल्या.
‘माझ्या आजीच्या जिन्नाला शिसं म्हणतोस, हिंदी?’
पैसे दोनदा मोजले, दोन्ही वेळा
चोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघत,
आणि रानगड्याला ओढणीच्या टोकात गाठ मारून
पायऱ्या उतरल्या, तोंडाने पुटपुटत,
शेळ्यांच्या बाजाराकडे.

काउंटरखाली
कसोटीवरची रेघ लालभडक,
हुपरीतलं शेंबडं पोरगंही ओळखेल अशी.
चिंधीने पुसली.
मग बारा राण्या मुशीत घातल्या
आणि भाता ओढायला बसलो.