प्रयुक्त

ठाणे म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे आधी हसून घेतात.
"ठाण्यालाच ना? मग बरोबर."
त्यात मी घेतलं मानसशास्त्र.
बारसं असो की तेरावं,
कुणीतरी हात पुढे करतंच, तळवा वर :
"सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?"
मी सांगते, पानं कधी वाढतायत ते.
दहातल्या नऊ वेळा बरोबर येतं.

हा विषय का घेतलात, बाईंनी पहिल्याच तासाला विचारलं.
मुंब्र्याची शबिस्ता म्हणाली, स्वतःला समजून घ्यायला.
हर्षाली म्हात्रे म्हणाली, कॉमर्सची यादी नव्वदलाच बंद झाली.
मी काही बोलले नाही.
मला बघायचं होतं
माणूस एकाच गोष्टीवर इतकी वर्षं गप्प कसा बसतो.

मन कुठे असतं ते तीन वर्षांत कुणी दाखवलं नाही.
दाखवलं प्रमाण विचलन,
निरर्थक शब्दांच्या याद्या (झुप, गॅव, लेफ, अजून पाठ आहेत),
आणि एक स्टॉपवॉच, ज्याचं बटण दोनदा दाबावं लागे.

शेवटच्या वर्षी प्रयोग आला :
आरशात बघून चांदणी गिरवायची,
एका हाताचं शिकणं
दुसऱ्या हातात किती उतरतं ते मोजायचं.
प्रयुक्त घरचा चालेल, बाई म्हणाल्या.
(ज्याच्यावर प्रयोग करतात तो प्रयुक्त.
कोशात अर्थ आहे : वापरलेला.)
आई म्हणाली, माझ्या भाकऱ्या व्हायच्यात.
भाऊ ऐरोलीची रात्रपाळी करून झोपलेला.
राहिले पप्पा.

वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसखाली
उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं
तेव्हा मी नववीत होते.
नंतर त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन,
रजिस्टरात डाव्या हाताने ट्रकचे नंबर.
घरात तो दिवस कुणी उच्चारला नाही.

त्यांनी चष्मा लावून संमतीपत्र वाचलं, प्रत्येक ओळ.
"कोणत्याही क्षणी थांबू शकता" इथे अडले.
"हे चांगलंय," म्हणाले,
"प्रेसवर असं काही लिहिलेलं नव्हतं."

क्रम मी उलटा केला. आधी डावा. चुका चार.
मग उजवा :
अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत पेन्सिल,
आरशात उलटी चांदणी, उलटा हात,
पाचही टोकांवर थांबत, श्वास घेत.
चुका नऊ.
सहा वर्षांनी त्या हाताने काही लिहिलं होतं.

वहीत शेवटी अंतर्निरीक्षण असतं,
प्रश्न छापलेलाच : प्रयोग करताना काय वाटलं?
उत्तराला तीन ओळींची जागा.
पप्पा पावणेदोन तास बोलले.
आई तव्यासमोर तशीच उभी, एक भाकरी जळाली.
काय बोलले ते इथेही लिहिणार नाही,
तेवढं तरी शिकलेय.
वहीत लिहिलं : प्रयुक्तास प्रयोग रंजक वाटला.
दहापैकी साडेसहा. आलेखाला शीर्षक नव्हतं.

मग पुढे काय?
हर्षाली महाप्याला एचआरमध्ये,
माणसं घेते, काढते,
काढायच्या दिवशी रात्री मला फोन करते.
शबिस्ता घणसोलीच्या शाळेत
न बोलणाऱ्या एका मुलाच्या शेजारी बसते,
जूनपासून बसतेच आहे.
मी एम.ए.ची फी हप्त्याने भरते
आणि आठवड्यातून तीन दुपारी एका संस्थेसाठी
हाताच्या ओपीडीबाहेर फॉर्म लिहून देते.
मॅडम म्हणतात मला, मी नको म्हणते,
अजून तेवढं शिक्षण झालेलं नाही.
फक्त शेवटच्या प्रश्नाला
मी एक कोरं पान जास्तीचं टाचते.

परवा कोपरीला हळदीत
एका काकांनी पुन्हा हात पुढे केला, तळवा वर.
या वेळी मी बघितला.
अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग होता.
"हे कशाने?" विचारलं.
बेंजो चालू होता, त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटलं.
पण हात त्यांनी मागे घेतला नाही.