उंबऱ्यावरून

जमीन नुकती सारवलेली,
म्हणून सुपडाबाईंनी मला आत घेतलं नाही.
उंबऱ्यावर पोतं टाकलं दुमडून,
म्हणाल्या, बसा. काय काढायचं ते इथून काढा.

उत्राणात आठव्या दिवशी नळाला पाणी येतं
आणि आज सहावा.
तरी रांजणातून वाटीभर दिलं त्यांनी
ब्रश बुडवायला.
पितळी वाटी, तळाशी लग्नाचं साल,
अर्धं झिजलेलं.

धाब्याचं घर. वर माती, खाली माती,
मधे सागाची धारण,
हात लागून लागून खांद्याएवढ्या उंचीवर काळी.
साण्यातून उजेडाचा चौकोन पडतो.
तो रंगवत नसतात. तिथे कागद कोरा सोडायचा
आणि भोवतालचा काळोख आणायचा थरावर थर,
मागचा वाळेपर्यंत थांबत.

थांबलो.
जमीन वाळत होती, कागद वाळत होता.
जमीन आधी वाळली,
कडेपासून फिकट होत आत गेली,
शेणाचा हिरवट गेला,
बोटांचे अर्धगोल तेवढे राहिले.
मला ते जमले नाहीत.

मग त्या मागे आल्या, पदराला हात पुसत.
चूल ओळखली. उतरंड मोजली: चार, बरोबर.
बिबड्यांचा डबा. पळकाठ्यांची मोळी.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"मन्हा चार्जर कोठे शे?"

होता. कोनाड्यात,
पांढरी वायर, खिळ्याला दोन वेढे.
तीस वर्षं चित्रकलेचा मास्तर मी,
पोरांना सांगत आलो, दिसेल तेच काढा.
"पोऱ्या सुरतथीन फोन करस रातले.
बठ्ठं काढं, मंग हाई काब्र सोडं?"

कोनाडा वाळून गेला होता.
ओल्या ब्रशाने घासून रंग उचलला,
वायरीची रेघ पांढरी काही निघेना,
मळकी निघाली.
चालतं, म्हणाल्या. तशीच आहे.

आणि चुलीमागची भिंत?
निळ्यात तपकिरी मिसळून केला होता मी काळा.
"काळं असं नही ऱ्हास."
तव्याच्या बुडाला बोट फिरवलं
आणि न विचारता
टेकवलं कागदावर.

वाटीतलं गढूळ पाणी मी अंगणात फेकणार
तर हातातून घेतलं,
लिंबाच्या आळ्यात ओतलं.

चित्र अजून माझ्याकडेच आहे.
फ्रेम केलेलं नाही.
उचललं की ती काजळी थोडी
माझ्या अंगठ्यावर येते,
तरी तिथे उरतेच.