तिसरं गाणं, वेंगुर्ला बंदर

तिसऱ्या गाण्यात लाइट जाते.
बेस बुडतो. इनासचा ट्रम्पेट
दोन श्वास पुढे जाऊन अवघडतो.
लवू थांबत नाही.
पहिल्या मात्रेवर दणका,
मग नांगरलेल्या होडीसारखं मागेपुढे, मागेपुढे.

लिलावाच्या शेडमधून कुणी
बर्फाच्या पेटीवर साथ धरतं,
एक बाई ओरडते, "वाजय रे मेल्या, वाजय!"
फंक म्हणजे काय, तिला कुणी सांगितलं नव्हतं.
रेकॉर्डर बॅटरीवर होता, म्हणून राहिलं.

कोल्हापूरचा स्टुडिओवाला म्हणाला, हे कापू.
आम्ही अल्बमात ठेवलं, कुणाच्या तरी खोकल्यासकट.

लवू आता मस्कतला एसी दुरुस्त करतो.
मी सगळ्यांत जास्त ऐकतो
ती हीच चार मिनिटं.
बेस माझा होता.
मुक्या तारांवर बोटं चालूच होती.
टेपवर ते नाही.