नोंद

थंडर बे. बाहेर उणे एकोणतीस.
आम्ही दोघी, खाटा चौतीस.

खोली सातमधली आयला राउतानेन,
एके काळची हेडनर्स,
रात्री दोनला उठून दारोदार फिरायची.
कुणाचं पांघरूण सारखं करी, कुणाची नाडी बघे.
लोक दचकून ओरडायचे.
आम्ही लिहिलं : भटकते.
डॉक्टर फोनवरच म्हणाले, अर्धी गोळी.
मग पूर्ण.

मीच कुटते ती, सफरचंदाच्या गरात कालवते.
पहिल्या घासाला तिनं माझ्याकडे पाहिलं होतं;
चव ओळखली असावी.
गिळलं मुकाट.

आता कूसही बदलत नाही. लाळेरं ओलं.
मी लिहिते : शांत.

आणि बघते तर
तिच्याच मनगटावर तिची दोन बोटं,
ओठ हलताहेत : एक्केचाळीस, बेचाळीस...

खोलीत घड्याळ नाही.
माझं काढून
तिच्यापुढे धरते.